मॅरांट्झ २२३० ला कोणते जुने स्पीकर लावावेत? जोडून, ऐकून झालेलं मत

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. घरात मॅरांट्झ २२३० किंवा तेवढ्याच ताकदीचा सत्तरीतला रिसीव्हर (रेडिओ आणि अँप एकाच डब्यात) असेल, म्हणजे चॅनेलला ३० वॅटच्या आसपास, आणि हॉल आपल्या फ्लॅटमधला नेहमीचा १० बाय १४ वगैरे, तर सेलेस्टियन डिटन १५ शोधा. त्याच्या खालोखाल व्हार्फडेल लिंटन. जेबीएल एल१०० जबरदस्त स्पीकर आहे पण या खोलीचा नाही, आणि एआर ३ए या अँपचा नाही. बीबीसीवाला एलएस३/५ए छोट्या खोलीत गायकी ऐकायला अप्रतिम, फक्त त्याची किंमत आता लाखाच्या घरात गेलीये आणि हॉल भरून टाकायची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

हे मत नेटवरचे आकडे वाचून झालेलं नाहीये. आमच्याकडचा २२३० मामाने अमेरिकेतून परत येताना आणलेला, निळा डायल, ट्यूनिंगचं ते आडवं चाक बोटाने फिरवायचं, आणि बास, मिड, ट्रेबल अशी तीन वेगळी बटणं. इतकी वर्षं त्याला काय मिळेल ते बॉक्स जोडलेले होते, आता वेळ काढून ठाण्यात, दादरला, पुण्यात जुन्या ऑडिओच्या नादातल्या मंडळींकडे जाऊन, कुणाचे स्पीकर घरी आणून, एकेक करून लावून बघितलं. बहुतेक सगळे लोक इतके दिलदार निघाले की ५० वर्षांचे स्पीकर गाडीत घालून दिले त्यांनी, यासाठी त्यांचे खरंच आभार.

अमेरिकेतून आलेल्या सेटबद्दल एक गोष्ट आधीच सांगते कारण ती चुकली तर पुढचं सगळंच फुकट. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो थेट आपल्या २३० च्या प्लगला लावायचा नाही, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मस्ट, आणि तोही सेटच्या गरजेपेक्षा दणकट घ्या. आणि एफएम थोडं दबलेलं, ट्रेबल कमी वाटतं ते सेट खराब झाल्यामुळे नाही, अमेरिकन सेटचं डी-एम्फसिस, म्हणजे स्टेशनने मुद्दाम वाढवून पाठवलेलं ट्रेबल परत खाली आणायची सोय, ७५ मायक्रोसेकंदाचं असतं आणि आपलं ब्रॉडकास्ट ५० चं, म्हणून. ट्रेबल जरासं वाढवलं की काम होतं.

आता वॅट. ३० वॅट ऐकून लोक नाक मुरडतात, कारण आपण सगळे पीएमपीओच्या, म्हणजे फुगवून छापलेल्या वॅटच्या, जमान्यातून आलोय, हातात मावेल अशा टू-इन-वनवर हजार वॅट छापलेले बघितलेत. मॅरांट्झचे ३० म्हणजे ८ ओमवर, दोन्ही चॅनेल एकदम चालू, सतत देता येणारे ३० आहेत. अमेरिकेत १९७४ साली तिथल्या व्यापार आयोगाने, एफटीसीने, नियमच केला की जाहिरातीत वॅट छापायचे तर असे सतत मोजलेलेच छापा, त्याआधी तिकडेही म्युझिक पॉवर, पीक पॉवर असले आकडे फेकायची पद्धत होती. म्हणून सत्तरीच्या सुरुवातीचा कुठलाही सेट घेताना पुढच्या पॅनेलवरचा आकडा बघू नका, मॅन्युअलमधला आरएमएस, म्हणजे सतत देता येणारा आकडा बघा.

पण वॅटपेक्षा महत्त्वाची आहे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) आवाज येतो, हा तो आकडा. दर ३ डीबीला अँपकडून दुप्पट पॉवर लागते आणि १० डीबीला दहापट. क्लिप्श हेरेसी ९६ डीबीच्या आसपास, एलएस३/५ए ८३ च्या आसपास, म्हणजे १३ डीबीचा फरक, म्हणजे हेरेसी एका वॅटमध्ये जेवढा वाजतो तेवढ्यासाठी एलएस३/५ए ला २० वॅट लागणार! अँप तोच, वायर तीच, खोली तीच, आणि एकीकडे व्हॉल्यूम ९ वाजताच्या पोझिशनला घर दणाणतंय आणि दुसरीकडे १ वाजेपर्यंत फिरवलं तरी मंडळी म्हणतायत जरा मोठं कर ना.

दुसरा आकडा ओमचा, म्हणजे स्पीकर करंटला किती विरोध करतो त्याचा. स्पीकरच्या मागे ८ लिहिलंय की ४, हे बघायला पाच सेकंद लागतात. ४ ओमचा स्पीकर अँपमधून जास्त करंट खेचतो, छोट्या अँपचा ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात, आवाज वाढवला की बास गुळमुळीत होतो आणि मग फाटायला लागतो. त्यात मॅरांट्झला मेन आणि रिमोट अशी दोन स्पीकरची बटणं आहेत, दोन्ही दाबली की दोन जोड्या पॅरलल, ८ आणि ८ चे झाले ४. हॉलमध्ये एक जोडी, आतल्या खोलीत जुने सोनोडाइन किंवा कॉस्मिकचे बॉक्स, असं बऱ्याच घरांत असतं आणि ८ ओमचे असतील तर चालून जातं. त्यात एक जोडी ४ ओमची असेल तर दोन्ही बटणं एकदम कधीच दाबायची नाहीत.

याच कारणाने एआर ३ए बाद. वाईट वाटतं लिहिताना, कारण स्पीकरच्या इतिहासातलं हे फार मोठं नाव. एडगर विल्चरने १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च काढली आणि पूर्ण बंद डब्यातल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून छोट्या पेटीतून खोल बास काढून दाखवला, त्याआधी तसल्या बाससाठी कपाटाएवढे बॉक्स लागायचे. डोम ट्वीटरही (वरचे सूर काढणारा घुमटासारखा छोटा स्पीकर) घराघरात आणला तो याच कंपनीने. तिकडे चालू मैफलीत वादक वाजवायचे थांबायचे आणि त्यांच्याच रेकॉर्डिंगवर स्पीकर पुढे वाजायचे, श्रोत्यांना कळतंय का बघायला, असे कार्यक्रमच करायचे ते लोक. १९६७ चा ३ए मी एका मोठ्या सॅन्सुई अँपवर ऐकला आणि डग्ग्याची घुमक इतकी खोल, इतकी स्वच्छ मी दुसऱ्या कुठल्याच स्पीकरवर ऐकलेली नाही, मींड घेताना डग्ग्यावर मनगट सरकतं ते कळत होतं. पण तो ४ ओमचा आणि सेन्सिटिव्हिटीला कमी, त्यामुळे २२३० वर लावला की तोच स्पीकर झोपल्यासारखा वाजतो, हळू आवाजात जीव नाही आणि मोठ्यात अँप दमतो. २२७० असेल, ७० वॅटचा, तर जरूर विचार करा. ३० वॅटवाल्यांनी एआरच हवा असेल तर २एएक्स बघावा, १० इंची वूफरचा (खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर) आणि ८ ओमचा, तो बराच समजूतदार आहे.

जेबीएल एल१००. चौकोनी फोमची ती नारिंगी नाहीतर निळी जाळी, स्टुडिओतल्या ४३१० मॉनिटरचं घरगुती रूप, १२ इंची पांढरा वूफर. ३० वॅटमध्ये हा मस्त वाजतो, त्यात काही शंका नाही, सेन्सिटिव्हिटी नव्वदीच्या पुढे आहे आणि ८ ओम. ढोल, ड्रम, ब्रास, सत्तरीतल्या हिंदी पिक्चरच्या टायटल म्युझिकमधला ट्रम्पेट, हे सगळं अंगावर येतं. याच्या क्रॉसओव्हरमध्ये (सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणारं सर्किट) वूफरला वरचे सूर अडवणारी कॉइलच नाहीये, वूफर सरळ अँपला जोडलेला आणि तो आपल्या परीने वरपर्यंत गात राहतो, जेबीएलचा तो धीट, पुढे येणारा आवाज थोडाफार त्यातूनच आलाय. अडचण आपल्या घरांची आहे. व्हिट्रिफाइड टाइल्स, मोकळ्या भिंती, काचेची सरकती खिडकी, अशा हॉलमध्ये हाच आवाज टोचायला लागतो आणि गायिकांच्या तार सप्तकातल्या ताना ऐकताना अर्ध्या तासात कान थकतात. मिड आणि ट्रेबलची बटणं स्पीकरच्या पुढच्या बाजूलाच आहेत, ती कमी करून सुधारतं, पण मग तो एल१०० राहत नाही. बंगला असेल, लांब हॉल असेल, खाली गालिचा असेल तर बिनधास्त घ्या.

हेरेसीचंही तेच, हॉर्न असल्यामुळे आणखीच. छोट्या व्हॉल्व्ह अँपवाल्यांसाठी तो सोन्यासारखा आहे, ८-१० वॅटमध्ये काम होतं.

आता डिटन १५, ज्याच्यावर माझा जीव जडलाय. इंग्लंडमधल्या सेलेस्टियनचा, साठीच्या दशकापासूनचा, नाव पडलं ते टेम्स डिटन या गावावरून, तेव्हा कंपनी तिथेच होती. उंच, अरुंद पेटी, समोरची जाळी काढली की दोन ८ इंची कोन (स्पीकरचे हलणारे पडदे) दिसतात आणि लोकांना वाटतं दोन वूफर आहेत. त्यातला एकच खरा. दुसऱ्याला मॅग्नेटही नाही, वायरही नाही, त्याला ते एबीआर म्हणतात, ऑक्झिलरी बास रेडिएटर, आतली हवा त्याला ढकलते आणि तो खालचे सूर काढतो. वरचं काम एचएफ १३०० ट्वीटरकडे, आणि हा काही साधासुधा ट्वीटर नव्हे, स्पेंडॉर बीसी१ सारख्या नावाजलेल्या मॉनिटरमध्येही हाच होता.

२२३० वर हा स्पीकर इतका सहज चालतो की अँप बदललाय की काय वाटावं. मॅरांट्झचा तो भरदार मिडरेंज आणि डिटनचा मऊ वरचा भाग एकमेकांना सांभाळून घेतात. तानपुऱ्याची जवारी ऐकायची मी सगळ्यात आधी, कारण जवारीत खालच्या षड्जापासून ते वरच्या बारीक गुंजनापर्यंत सगळं एकाच वेळी असतं, स्पीकरने त्यातलं काही खाल्लं की लगेच कळतं. बऱ्याच स्पीकरवर तानपुरा नुसता झणझणतो, नाहीतर मागे कुठेतरी भुणभुणतो. डिटनवर तो गायकाच्या मागे पसरून बसलेला असतो, तारा वेगळ्या कळतात आणि तरी गाण्याच्या अंगावर येत नाही. संवादिनीच्या भात्याचा श्वास ऐकू येतो. जुन्या एलपीवरची खरखर आहे तेवढीच येते, जेबीएलवर ती दुप्पट वाटते. रात्री दहानंतर हळू आवाजात लावला तरी बास गायब होत नाही, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे किती मोलाचं आहे सांगायला नको.

कमी कुठे पडतो तेही सांगते. अगदी खालचा बास, पखवाजाचा किंवा ऑर्गनचा, त्याच्याकडे नाही. एबीआरमुळे मधला बास थोडा फुगतो, म्हणून भिंतीला चिकटवून किंवा कोपऱ्यात ठेवला तर डग्गा घुमत राहतो, थाप संपली तरी. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणा, कमी उंचीच्या स्टुलावर ठेवा. आणि आजच्या ईडीएम टाइप गोष्टी मोठ्याने वाजवायच्या असतील तर हा स्पीकर तुमचा नाही, ट्वीटर जाईल, आणि एचएफ १३०० चांगल्या अवस्थेतला मिळणं सोपं राहिलेलं नाही.

व्हार्फडेल लिंटन डिटनइतका उलगडून दाखवत नाही पण ऊबदार आहे, भावगीतं, गझल, जुनी हिंदी गाणी यांना छान. यॉर्कशायरमधली कंपनी, गिल्बर्ट ब्रिग्जने १९३२ मध्ये इल्कलीच्या घराच्या तळघरात सुरू केलेली, आणि साठीच्या मध्यापासून लिंटन आणि त्याचा धाकटा डेंटन हे तिकडच्या सामान्य घरांतले स्पीकर. म्हणूनच मिळतातही तुलनेने सहज आणि भावही अजून डोक्यावरून गेलेले नाहीत. २०१९ मध्ये कंपनीने त्याच नावाचा नवा लिंटन आणलाय, ८ इंची केवलार वूफर, ९० डीबी, दिसायला जुना आणि आतून सगळं नवं. ज्यांना जुन्या मालाची कटकट नको त्यांनी तो जरूर ऐकावा, तो ६ ओमचा आहे आणि व्यवस्थित सर्व्हिस केलेला मॅरांट्झ त्याला पुरतो. मला जुन्याचा आवाज जास्त जवळचा वाटतो, पण हे माझं झालं.

एकच स्पीकर असा आहे जो डिटनला मागे टाकू शकला असता, डायनाको ए२५. डेन्मार्कमध्ये बनायचा, अमेरिकेत स्वस्तातला म्हणून विकला जायचा, १० इंची वूफर आणि पुढच्या बाजूला भरीव बोळा बसवलेली फट, त्यामुळे अँपला अगदी सपाट ८ ओमचं ओझं मिळतं, ३० वॅटला याहून सोपा स्पीकर नसेल. कोनाच्या कडेला रबराची रिंग असल्याने टिकतोही. पण आपल्याकडे दिसतच नाही कुठे. परदेशातलं कोणी परत येत असेल आणि सामानाचा कंटेनर करत असेल तर आत्ताच सांगून ठेवा.

खोलीचं थोडं बोलायला हवं. ३ मीटर रुंदीच्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपास एक सूर आपोआप फुगतो, ४.२ मीटर लांबीला ४१ च्या आसपास, हे भिंतींमधल्या अंतराचं गणित आहे, स्पीकर कितीही महाग असो ते टळत नाही. त्यामुळे १० बाय १४ मध्ये १२ इंची वूफर म्हणजे त्या फुगण्याला खतपाणी. समोर जाड सतरंजी किंवा गालिचा, एका बाजूला पुस्तकांचं उघडं कपाट, खिडकीला जाड पडदा, एवढ्याने जो फरक पडला तो मला स्पीकर वायर बदलून कधीच जाणवला नाही. वायर साधी तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएमची, एवढं पुरे.

आता विकत घेताना काय बघायचं. सगळ्यात आधी कोनाच्या कडेची रिंग. सत्तर-ऐंशीतल्या बऱ्याच स्पीकरना फोमची रिंग होती आणि फोम आपल्या दमट हवेत कुजतोच, मुंबई-कोकणात तर लवकरच. बोट लावलं की चिकट काळा भुगा हाताला आला म्हणजे रिंग गेली. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, नवीन फोम बसवता येतो, पण किमतीतून ते पैसे वजा करा आणि काम अशाच माणसाकडे द्या ज्याने होम स्पीकर केलेत, कारण पीए स्पीकरची (लग्न-सभांच्या लाउडस्पीकरची) कॉइल, म्हणजे कोनामागचं तारेचं वेटोळं, भरणारे कित्येकदा अख्खा कोनच बदलून जाड कोन चिकटवतात आणि मग आवाज कायमचा गेला. एल१०० च्या वूफरला फोम नाही, घडीची कडा आहे, ती कुजत नाही.

मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समान अंतरावर ठेवून हलकंच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय, परत ठेवा. डिटनमध्ये वरचा वूफर दाबला की एबीआर बाहेर यायला हवा, नाही आला तर पेटीतून हवा गळतेय. एआरसारख्या बंद पेटीत कोन हळूहळू जागेवर यायला हवा. मल्टिमीटर बरोबर न्या, ८ ओमच्या स्पीकरला तो ५.५ ते ७ दाखवेल, ४ ओमला ३ च्या आसपास, आणि डाव्या-उजव्यात मोठा फरक नको. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला, प्लस लाल टर्मिनलला, की वूफर बाहेर आला पाहिजे. जुने जेबीएल मात्र उलटे असतात, त्यांचा आत जातो, कंपनीनेच तसे केलेत, बिघाड समजून वायरी उलट्या करून बसू नका.

ट्वीटर चालतोय का हे गाणं लावून कळतंच असं नाही. मोनो एलपी लावा, जुनी कुठलीही चालेल, आणि बरोबर मधोमध बसा. आवाज दोन्ही स्पीकरच्या नेमका मध्ये, एका जागी उभा राहिला पाहिजे. ताना वर गेल्या की आवाज एका बाजूला सरकत असेल तर त्या बाजूचा नाही, दुसऱ्या बाजूचा ट्वीटर किंवा त्याचा कपॅसिटर दमलाय. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ५० वर्षांत बदलायला येतातच, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हात टाकला की त्या व्हॅल्यूचे कपॅसिटर मिळून जातात, नॉन-पोलर मागा, आणि दोन्ही बॉक्सचे एकदमच बदला. एआरच्या मागची लेव्हलची बटणं गंजतात, फिरवताना आवाज जाऊन येत असेल तर उघडून साफ करावी लागतात.

पेटी ठोकून बघा. बरेचसे पार्टिकल बोर्डचे असतात, ओल लागली की खालची कडा फुगते. मागचा भाग, खालचा भाग टॉर्चने बघा, भुशाची बारीक रांगोळी दिसली की भुंगा किंवा वाळवी, तो स्पीकर घरात आणूच नका, बाकीच्या फर्निचरचाही विचार करा.

कुरियरने मागवणार असाल तर विकणाऱ्याला स्पष्ट सांगा की बॉक्स उभा नाही, पाठीवर झोपवून, वूफरचं तोंड वर करून पॅक कर, जाळीच्या आत कोनासमोर जाड पुठ्ठा, चारी कोपऱ्यांना थर्माकोल आणि वरून लाकडी क्रेट. जड मॅग्नेटचा वूफर आपटला की मॅग्नेट केसभर सरकतो, बाहेरून काही दिसत नाही आणि कॉइल अडकून बसते. क्रेटचे पैसे वेगळे मागितले तर देऊन टाका, आणि माल घरी आल्यावर लगेच अँपला जोडायच्या आधी तोच कोन दाबून बघायचा आणि मीटरचा प्रकार पुन्हा एकदा करा, शक्य असेल तर क्रेट उघडण्यापासूनचा व्हिडिओ चालू ठेवून.